इरल्याखाली, सुपात, माळ्यावर

जुलैच्या मध्यावर पोलादपूरच्या डोंगरउतारांवर लावणीला जोर येतो, तेव्हा लांबून शेतात माणसं ओळखू येत नाहीत. दिसतात ती चिखलावर वाकलेली इरली. बहुतेक निळी, काही काळी, क्वचित एखादं जुन्या पद्धतीचं, पानांचं. वर 1,372 मीटरवर महाबळेश्वरचं पठार आहे आणि तिथून सुटलेला पाऊस सावित्रीच्या खोऱ्यात दिवसच्या दिवस कोसळत राहतो. अशा पावसात छत्रीचा काही उपयोग नाही. छत्रीला एक हात अडकतो, आणि लावणीत दोन्ही हात गुंतलेले असतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने त्यातल्या दोन-तीन काड्या सोडवून चिखलात रोवायच्या, एक पाऊल मागे सरायचं, पुन्हा रोवायच्या. पाठ आडवी, डोकं खाली. अशा माणसाला भिजण्यापासून वाचवायचं, तर आडोसा पाठीवरच हवा.

इरलं नेमकं तेच करतं. बांबूच्या पातळ कामट्यांची आडवी-उभी जाळी, तिच्यावर पळसाच्या किंवा सागाच्या पानांचे थर, वरून पुन्हा कामट्यांची जाळी आणि कडेने घट्ट बांधणी. आकार उलट्या होडीसारखा, डोक्यावर टेकणारा आणि कमरेखालपर्यंत पोचणारा. वाकलं की ते आपोआप पाठीवर आडवं होतं, उभं राहिलं की मागे लोंबतं. दुपारी बांधावर भाकरी सोडली की हेच इरलं टेकवून उभं करायचं आणि त्याच्या आडोशाला टोपली ठेवायची. तान्हं मूल बरोबर असेल, तर तेही त्याखाली निजतं. एवढं हलकं आणि एवढं बहुगुणी साधन घरच्या घरी, जूनच्या आधी, फुकटच्या सामानातून तयार होत असे.

आता पानांची जागा प्लास्टिकच्या कापडाने घेतली आहे. पानं दर वर्षी बदलावी लागत, प्लास्टिक दोन-तीन पावसाळे निघतं. पण आत सांगाडा बांबूचाच राहिला आणि आकारही तोच राहिला. बाजारात रेनकोट ढिगाने मिळतात, तरुण मुलं ते घालतातही. तासाभरात आतून घामाने भिजतात आणि काढून बांधावर टाकतात. इरल्यात पाठीवरून वारा खेळतो. ज्या वस्तूचा आकार कामातून ठरला, तिला सहजासहजी पर्याय सापडत नाही. लाकडाच्या आकडीचंही तसंच. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला बांधलेला हा एक आकडा, त्यात कोयता अडकवायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून रान चढायचं. कोयता हातात धरून कडा चढणाऱ्याला पडण्याची भीती असते. आकडीवाल्याला नसते, आणि पात्याची धारही कुठे घासत नाही.

पोलादपूर हा रायगड जिल्ह्याचा दक्षिणेकडचा, घाटाला पाठ लावून बसलेला तालुका. मुंबई-गोवा महामार्ग महाडहून इथे येतो आणि पुढे कशेडी घाटाने खेडकडे जातो. आंबेनळी घाटाची वाट इथूनच वर प्रतापगड-महाबळेश्वरला चढते. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पोलादपूर गावात कवींद्र परमानंदांची. कोकण रेल्वे या तालुक्याला स्पर्श न करता वीर, करंजाडीवरून निघून जाते, त्यामुळे येणंजाणं सगळं रस्त्याने. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे 45 हजार भरली आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त निघाल्या. कारण इथली प्रत्येक वाडी दोन ठिकाणी वाटलेली आहे. पुरुष मुंबईत, पनवेलला, सुरतेला, आणि गावातलं घर, गुरं, भात, म्हातारी माणसं बायकांच्या हाती. चार पिढ्या असं चाललं आहे. दोन ठिकाणी वाटलेल्या अशा कुटुंबात वस्तूंना जास्तीचं काम पडतं. त्या घर चालवतातच. शिवाय एका टोकाची माणसं दुसऱ्या टोकाला पोचवतात.

सुपाचंच बघा. शहरातल्या स्वयंपाकघरातून सूप कधीच गेलं, कारण तांदूळ निवडून, पॉलिश होऊन, पिशवीत बंद होऊन येतो. पोलादपुरात घरचं भात गिरणीवर भरडून आणलं, की सूप लागतंच. ते चालवणाऱ्या बाईकडे जरा वेळ नीट पाहावं. सुपाची उघडी बाजू पुढे, दोन्ही हात मागच्या कोपऱ्यांपाशी, कोपरं अंगाजवळ. मनगटाच्या एका झटक्याने तांदूळ वर उडतो, कोंडा हवेत सुटून पुढे पडतो आणि तांदूळ परत सुपात येतो. हे पाखडणं. मग झटका थांबतो आणि सूप तिरकं धरून गोल-आडवं हलू लागतं. हे घोळणं. त्यात जड तांदूळ मागे सरकतो, कणी वेगळी होते, खडा एका कडेला येतो. बोट न लावता चार गोष्टी चार ठिकाणी जातात. तांदूळ डब्यात, कणी पेजेला किंवा घावनाच्या पिठाला, कोंडा गुरांना, खडे बाहेर. आणि अंगणात सांडलेल्या चार दाण्यांवर कोंबड्या. तुकडाही वाया जात नाही.

हे शिकवून येत नाही. आठ-दहा वर्षांची मुलगी आईशेजारी बसून लहान सुपात मूठभर तांदूळ घेते, निम्मे सांडते, बोलणी खाते आणि वर्षा-दोन वर्षांत हात बसतो. एकदा बसला की साठ वर्षं जात नाही. सत्तरीतल्या बाईला गुडघ्यांनी उठवत नाही, डोळ्यांना सुईतला दोरा दिसत नाही, पण पाखडायला सूप दिलं तर ते अजून तालात चालतं. घरात सुनेने कामाला हात लावू द्यायचा नाही असं ठरवलेलं असलं, तरी तांदूळ पाखडायचे असतील तर सूप म्हातारीकडेच जातं. तिला त्यात किती बरं वाटतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

जुन्या सुपाच्या विणीतून बारीक दाणा गळू लागला, की त्याला लिंपायचं. शेण तर आहेच. शिवाय जुने कागद आणि मेथ्या भिजवून, वाटून, त्या लगद्याचा पातळ हात सुपाला, पाट्यांना, टोपल्यांना देण्याची रीत महाराष्ट्रभर होती. मेथीच्या चिकटपणाने लगदा बांबूला धरून राहतो आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही. लिंपलेलं सूप उन्हात खडखडीत वाळलं की आणखी काही वर्षं चालतं. टाकून नवं आणण्याआधी जुन्याचं आयुष्य वाढवायचं, ही घराघरातली सवय होती. गरिबी हे तिचं एक कारण. पण वस्तू राखण्यातला अभिमान हेही दुसरं कारण होतं, आणि ते विसरून चालणार नाही.

या रोजच्या सुपाला वर्षातून एकदा मोठा मान मिळतो, तो गौरींच्या दिवशी. रायगड-रत्नागिरीच्या गावांत लग्न झालेल्या मुलीचा ओवसा असतो. गौरी ज्या वर्षी पूर्वा नक्षत्रात, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या पावसाच्या नक्षत्रात येतात, त्या वर्षी नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. काही वर्षी योग येतच नाही; मग लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली सून वाट पाहत राहते. योग जुळला की तिच्या माहेरी धावपळ उडते. नवी कोरी सुपं आणायची, पाच किंवा पाचाच्या पटीत. त्यात विड्याची पानं, सुपाऱ्या, फळं, रानातल्या भाज्या, सुकामेवा, हळद-कुंकू मांडायचं. सून ते सूप हाती घेऊन गौरीपुढे ओवसते, आणि मग एकेक सूप घरातल्या वडीलधाऱ्यांना देते. सासू, सासरे, दीर, नणंद, चुलत सासवा, शेजारचं एखादं मानाचं घर. सूप घेणारा रिकाम्या हाताने घेत नाही. कुणी पैसे ठेवतो, कुणी साडी, कुणी भांडं, ऐपत असेल तर सोन्याचा मणी.

बाहेरून पाहणाऱ्याला हा एक विधी वाटेल. गावात राहिलं की त्यातला व्यवहार कळतो. नवी सून या घरात येऊन काही महिने झालेले असतात. त्यातले निम्मे दिवस ती नवऱ्याबरोबर दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला एका खोलीत राहिलेली असते. भावकीतल्या बऱ्याच जणांना तिने नीट पाहिलेलंही नसतं. ओवशाच्या दिवशी ती दारोदार जाते, प्रत्येकाच्या पाया पडते, प्रत्येकाच्या हाती सूप देते आणि प्रत्येक जण तिला नावाने ओळखू लागतो. पुढे वर्षभर त्या घराघरांतून तीच सुपं तांदळाला वापरली जातात. पुजेतली म्हणून वेगळी काढून ठेवली जात नाहीत. "हे बघ, तुझ्या ओवशाचं सूप," असं म्हणून चुलत सासू त्यात सुकट निवडायला घेते, तेव्हा ती सून त्या घरची झालेली असते.

बुरुडांच्या कामाला या सणात मागणी असते. प्लास्टिकचं सूप बाजारात आलं त्याला बरीच वर्षं झाली, ते स्वस्तही आहे, पण ओवशाला ते चालत नाही. पाखडायलाही तितकं बरं नाही, कारण गुळगुळीत तळावर तांदूळ घसरतो, बांबूच्या विणीवर तो अडतो. बांबूच्या सुपाला इथे ग्राहक उरला आहे, तो अर्धा या कामामुळे आणि अर्धा गौरींमुळे.

दिवाळीत उखळ-मुसळ बाहेर निघतं. कोकणात दिवाळी पोह्यांची. नवं भात दारात आलेलं असतं. ते भिजवायचं, निथळायचं, खापरात भाजायचं आणि गरम आहे तोवर उखळात घालून कांडायचं. थंड झालं की दाणा चपटा होत नाही, चुरतो. म्हणून हे एकटीचं काम नाही. एक भाजते, दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकतात, चौथी सुपात काढून पाखडते. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून, अंघोळी करून, गुळाचे, दुधाचे, ताकाचे, तिखटाचे असे पोहे खायला सगळं घर बसतं. अलीकडे बहुतेक घरी पोहे गिरणीतून येतात किंवा दुकानातून. तरी काही वाड्यांवर निदान एका घासापुरते घरी कांडतात, आणि मुंबईहून आलेली मुलं मुसळ उचलायला रांग लावतात.

मुंबईच्या टोकाला या वस्तूंचा दुसरा अर्धा संसार होता. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या खोल्या असत. एका गावाची एक खोली, महिन्याची ठराविक वर्गणी, आणि तिथे पाळीने झोपणारे वीस-तीस गडी. प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे भिंतीतली एक खुंटी आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी. पेटीत कपड्यांचा जोड, गावाहून आलेली पत्रं, आरसा-कंगवा, आणि गावी न्यायला साठवलेल्या गोष्टी: एखादं पातळ, मुलीसाठी रिबिनी, म्हातारीला चष्मा. जेवण खानावळीत. तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याच बायकांच्या भाकरीवर गिरणी कामगारांची एक पिढी तगली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तो संपला असं कुणी जाहीर न करताच गिरण्या संपल्या. पेट्या गावी परत आल्या. आज पोलादपूरच्या कित्येक घरांत माळ्यावर अशी एखादी पेटी आहे, कोपरे चेपलेले, झाकणावर ऑइलपेंटने आजोबांचं नाव आणि मुक्काम पोस्ट. आत आता सातबारा, रेशनकार्ड, मुलांच्या गुणपत्रिका. घरातली सगळ्यात मोलाची कागदं त्याच पेटीत ठेवायची, असं कुणी ठरवलेलं नाही. पण पत्रा जाड, झाकण घट्ट, उंदीर शिरत नाही आणि दमट हवा कमी लागते. पावसाळ्यात कपाटातल्या फायलींना बुरशी येते तिथे पेटीतला कागद टिकतो.

नाव घालण्याची हौस भांड्यांवर तर फार मोठी. तांब्या-पितळेच्या काळात छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबाने नाव ठोकत. स्टील आलं, आणि भांड्यांच्या दुकानात विजेवर थरथरणारी सुई आली. महाडच्या बाजारपेठेत लग्नसराईत दुकानदार भांडं मांडीवर घेतो, विचारतो, "काय घालायचं?" आणि ग्राहक खिशातून चिठ्ठी काढतो. चिरंजीव अमुक, सौभाग्यकांक्षिणी तमुक, यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ, मामांकडून, तारीख. सुई घरघरत ओळ उमटवते. अक्षर वळणदार असेल तर दुकानाला नाव मिळतं. त्यावरची भाषा काटकसरीची असते, कारण वाटीच्या काठावर जागा किती असणार! तरी गाव मात्र राहू देत नाहीत.

अशा एखाद्या घरातल्या फडताळापुढे उभं राहून भांडी वाचायला घेतली, तर घराचा सगळा गोतावळा उलगडतो. हा डबा आत्याने दिला, तेव्हा ती कांजूरला राहत होती. हे ताट गिरणीतल्या सोबत्यांनी मिळून दिलं, खाली पाच जणांची नावं. ही कळशी बारशाची, त्या बारशाचा मुलगा आता एसटीत चालक आहे. एका पातेल्यावर ज्याचं नाव आहे तो माणूस जाऊन तीस वर्षं झाली, पण रोज सकाळी त्याच पातेल्यात दूध तापतं. हल्ली लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात, पाकिटं चालतात. पाकिटातले पैसे खर्च होतात आणि कुणी किती दिलं हे वहीत राहतं. भांडं मात्र स्वयंपाकघरात राहतं, आणि घासताना रोज बोटाखाली ते नाव येतं. पाकिटाची सोय मान्य केली तरी भांड्याचा आहेर मोडीत काढायला नको होता, असंच वाटतं.

घरच्या भांड्यांच्या वर गावकीची भांडी. मोठे टोप, परात, झारे, पिंप, आणि सगळ्यांवर अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई. पोलादपूर हा वारकऱ्यांचा तालुका, गावोगाव हरिनाम सप्ताह असतात आणि सप्ताहाला शेकडो पानं उठतात. लग्न, बारावं, पालखी, सगळ्यांना हीच भांडी. मुंबईतल्या मंडळाने वर्गणी काढून घेतलेली, गावच्या देवळात किंवा समाजमंदिरात ठेवलेली, मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. भाड्याचे तंबूवाले आता भांडीही पुरवतात, तरी आपल्या गावाच्या टोपात शिजलेल्या भाताला लोक वेगळंच मानतात.

माप हीदेखील अशीच एक चिवट चीज. 1958 नंतर देशात दशमान मापं लागू होत गेली, दुकानातून शेर गेला. पण भात अजून पायलीने आणि मणाने बोललं जातं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. घरातला पत्र्याचा डबा किंवा जुना पेला अमुक इतक्या शेराचा आहे हे सगळ्यांना पाठ असतं. माणशी किती मापटी टाकायची, पाहुणा आला तर किती वाढवायचं, हे त्यावरून ठरतं. तांदळाच्या त्याच मोठ्या डब्यात बायकांची बचत दडलेली असते. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा राज्यभर अशा डब्यांच्या तळातून नोटा निघाल्या आणि नवऱ्यांना प्रथमच कळलं की घर किती जणींच्या चोरखिशावर चाललं होतं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे याच मुलखातले, 1896 मध्ये महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले. त्यांची सही असलेल्या नोटा त्या काळी इथल्याच कुणा बायांनी तांदळात लपवल्या असतील, असं मनात येतं.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या वाड्यांना टँकर लागतो. पाणी डोंगरावरून येतं तसं धावत खाली जातं, कातळ ते धरून ठेवत नाही. म्हणून पाण्याच्या भांड्यांचं इथलं महत्त्व मुंबईकराला समजणार नाही. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, मध्ये चुंबळ. जुन्या लुगड्याची गोल पिळलेली ही चुंबळ नसेल तर चढणीवर दोन भांडी तोलता येत नाहीत. प्लास्टिकचा हंडा आला आणि बायकांच्या मानेवरचं ओझं किती तरी कमी झालं. पितळेच्या हंड्याचं कौतुक करणाऱ्यांनी तो भरून एकदा चढण चढून पाहावी. या बाबतीत तरी प्लास्टिकने उपकारच केले आहेत. पितळेचे हंडे आता घासूनपुसून फळीवर, सणाला काढायचे.

माळा ही कोकणी घराची मोठी शिल्लक. तिथे घोंगड्या, जास्तीच्या टोपल्या, मोडकी पाळण्याची दांडी, आणि कोपऱ्यात कंदील. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि रायगडभर पत्रे, कौलं, विजेचे खांब घेऊन गेलं. कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे दिवे विझले. मग माळ्यावरचा कंदील खाली आला. रॉकेल मिळणं अवघड झालेलं, वात सुकलेली, काच असेल तर नशीब. ज्यांच्या काचा शाबूत होत्या त्यांच्या ओटीवर रात्री शेजारी जमले. तेव्हापासून बऱ्याच घरांत सौर दिवा आला. तो उन्हावर चालणारा, त्यामुळे पावसाळ्यात बिनभरवशाचा, म्हणून कंदीलही टाकलेला नाही.

पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाबळेश्वरावर विक्रमी पाऊस झाला आणि सावित्रीने महाड बुडवलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीतही घरं गाडली गेली. त्या दुःखापुढे वस्तूंचा हिशेब कुणी मांडत नाही. महाडच्या घराघरांत मात्र पाणी उतरल्यावर चिखल उपसताना हा हिशेब करावाच लागला. गाद्या, धान्य, फ्रिज, मिक्सर, लाकडी कपाटं, पुस्तकं, लग्नाचे अल्बम सगळं गेलं. उरलं ते स्टील, पितळ आणि दगड. पाटा-वरवंटा जागचा हलला नव्हता. भांडी चिखलात रुतलेली निघाली, ती चिंचेने आणि राखेने घासली की पुन्हा चकचकीत. गल्लीत वाहून आलेलं भांडं कुणाचं, हे ठरवायला काठावरचं नाव पुरेसं होतं. गॅस पेटायला वेळ लागला तिथे तीन विटांची चूल मांडून पहिला चहा झाला, तो अशाच एखाद्या धुतलेल्या पातेल्यात.

अशा वस्तूंचं मोल ओळखणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर केळकर, देशमुखांच्याच साली, 1896 मध्ये जन्मलेले, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. चष्म्यांचं दुकान चालवता चालवता त्यांनी साठ वर्षं गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, कुलपं, दौती, भांडी जमवली. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि 1975 मध्ये सुमारे वीस हजार वस्तूंचा तो सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. पाय घासायच्या वज्रीवर कुणा कारागिराने मोर बसवला होता, ही गोष्ट त्यांच्यामुळे आज डोळ्यांनी पाहता येते. पण तिथे काचेपलीकडचा अडकित्ता सुपारी कातरत नाही. पोलादपूरच्या ओटीवर दुपारच्या जेवणानंतर पानाचा डबा उघडतो, त्यातला अडकित्ता अजून कातरतो. आणि आजोबा नातवाला पातळ फोड कशी काढायची ते दाखवतात.

गेल्या काही वर्षांत इथल्या घरांत आलेल्या नव्या वस्तूंपैकी म्हाताऱ्यांना सगळ्यात जास्त आनंद कशाने दिला असेल, तर तो पारदर्शक पिशवीतल्या आधारकार्डाने. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. वयाचा दाखला म्हणून कार्ड लागतं. ते भिजू नये म्हणून पिशवीत, पिशवी बटव्यात, बटवा कमरेला. पोलादपूरहून महाड वीसेक किलोमीटर. पूर्वी लेकीकडे जायचं तर मुलाकडे पैसे मागावे लागत, त्यामुळे जाणं सणावारी होई. आता मनात आलं की म्हातारी सकाळच्या गाडीने निघते. कंडक्टरने मागायच्या आत कार्ड पुढे करते आणि त्याने मान हलवली की ऐटीत खिडकीपाशी बसते. जाताना तिच्या पिशवीत कुळीथ, वरीचे तांदूळ आणि परसातलं एखादं तवसं असतं. येताना सुकट, नातीने घालून दिलेला मोबाइलचा रिचार्ज, गुडघ्यांचं तेल, आणि महाडला दुरुस्तीला टाकलेलं मिक्सरचं भांडं.